जगाची समाज-आरती



ज्ञानोबारायांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवासे येथे गीतेवरील आपली टीका पुरी केली आणि शेवटी देवापाशी जे मागितले, ते पसायदान म्हणून लहान पोरांनाही पाठ आहे. त्या मागण्यात आळंदीचे नाव नाही, नेवाशाचे नाही, महाराष्ट्राचेही नाही. मागितले ते अवघ्या प्राणिमात्रासाठी. आपण ते कीर्तनाच्या शेवटी म्हणतो, प्रसाद घेतो आणि आपापल्या घरी जातो. परंतु मागणे मागून झाल्यावर ते घडावे म्हणून सोय काय लावली, हा विचार मागणाऱ्यानेच करावयाचा असतो. पाऊस मागायचा आणि बांधीचा धुरा मात्र फुटका ठेवायचा, असा धानाचा शेतकरी आमच्या भंडारा जिल्ह्यात तरी आम्हांस अद्याप भेटलेला नाही.

आजचे निरूपण त्या सोयीविषयी आहे. सर्व पृथ्वीचे, लोकांनी निवडलेले, ठरावीक कामांपुरते असे एक राज्य असावे की नसावे? विषय मोठा खरा. पण तो आपल्या दाराशी येऊन बसलेला आहे. मोहाडीस एका सप्ताहात आम्ही समतेवर बोलत होतो. निरूपण संपल्यावर एक माउली पुढे आली. तिचा मुलगा फौजेत. ती म्हणाली, "महाराज, इठ्ठलापुढं सारेच त्याचे लेकरं, मंग माह्या पोरानं काहून दुसऱ्या मायच्या लेकरावर बंदूक धरावी? अन् त्यानं नाही धरली तं तो याच्यावर धरनारच नं?" शास्त्रात याला उभयतःपाश म्हणतात, दोन्हीकडून दोरी. त्या माउलीने तो एका श्वासात मांडला. त्याचे उत्तर पाहू.

पुष्कळ जण असे उत्तर देतील की, महाराज, माणसांची मने शुद्ध करा म्हणजे युद्धे आपोआप थांबतील. राज्याची काय गरज? हा पूर्वपक्ष गोड आहे, आणि आम्ही जन्मभर ज्या गादीवर उभे राहिलो, तिला तो शोभणाराही आहे. पण आपल्याच संप्रदायाच्या इतिहासाकडे पाहा. चोखोबांची समाधी पंढरीस महाद्वाराशी आहे. त्यांनी देह ठेवला इसवी सन १३३८ मध्ये, मंगळवेढ्यास. तेव्हापासून सहाशे वर्षे कीर्तनात आपण चोखोबांचे नाव घेतले, डोळे पुसले, आणि त्यांच्या जातबांधवांना मात्र विठोबाच्या गाभाऱ्यापासून दूरच ठेवले. दार उघडले ते १९४७ च्या मे महिन्यात, सानेगुरुजींनी पंढरपुरात प्राण पणास लावून उपोषण केले तेव्हा. आणि त्याच वर्षी मुंबई राज्यात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. संतांच्या शब्दांत काही उणे होते काय? मुळीच नाही. उणी होती ती व्यवस्था. भाव पेरतो, व्यवस्था राखण करते. राखणीवाचून पीक घरी येत नाही.

म्हणून आमचे पहिले म्हणणे असे की, प्रेम कायद्याने होत नाही, हे खरे. पण न्यायासाठी प्रेमाची वाट पाहत बसू नये. दोन शेजारी एकमेकांवर प्रेम करीत नसले तरी तलावाचे पाणी पाळीने घेऊ शकतात. फक्त पाळी ठरविणारा कोणी एक लागतो, आणि तो दोघांनीही मानलेला लागतो.

आता वैनगंगेचाच दृष्टान्त घ्या. ही माय उगम पावते मध्यप्रदेशात, शिवनी जिल्ह्यात. बालाघाटावरून वाहत ती आमच्याकडे येते, तुमसर आणि मोहाडीच्या अंगाने जाते, पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते, गोदावरीत शिरते आणि आंध्रात समुद्राला भेटते. नदीला सातबारा नाही. पण वरच्या राज्याने धरणाची दारे कधी उघडावी, यावर खालच्या राज्याची घरे तरतात किंवा बुडतात. २०२० च्या ऑगस्टअखेर मध्यप्रदेशातील संजय सरोवराचे पाणी सुटले आणि भंडारा शहरापासून गडचिरोलीपर्यंत हाहाकार झाला. लोकांची धाने गेली, घरे गेली. संताप फार झाला. पण वाचकहो, एक गोष्ट झाली नाही. महाराष्ट्राने बालाघाटावर फौज पाठविली नाही. कोणाच्या मनातही ते आले नाही. का बरे? भंडाऱ्याचे लोक फार शांत म्हणून? तसे नव्हे. दोन्ही राज्यांच्या डोक्यावर एक घटना आहे, एक संसद आहे, एक सर्वोच्च न्यायालय आहे. राज्याराज्यांच्या पाण्याच्या भांडणासाठी घटनेत कलम २६२ आहे आणि १९५६ चा कायदा आहे. रागाला जाण्यासाठी वाट आहे, म्हणून तो बंदुकीकडे जात नाही.

आणि त्याच दोन राज्यांनी मिळून बावनथडीवर राजीव सागर बांधले. त्याला कित्येक वर्षे लागली, कुरकूर झाली, कागद इकडून तिकडे फिरले. परंतु आज त्या पाण्यावर तुमसर-मोहाडीकडेही रोवणी होते आणि बालाघाटाकडेही होते. ज्याला दोन राज्ये म्हणतात, ती एका मोठ्या राज्याची लेकरे असली की भांडतही धरण बांधतात.

आता हीच गोष्ट देशादेशांत पाहा. सिंधूच्या पाण्याचा भारत-पाकिस्तान करार १९६० चा. पुढे युद्धे झाली, तरी तो टिकला. पण एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला निरपराध पर्यटकांची हत्या झाली आणि भारताने तो करार स्थगित ठेवला. आमच्या देशाला तसे करावे लागले, त्याचे दुःख आणि कारण आम्ही जाणतो. येथे सांगावयाचे एवढेच की, ज्याने मारेकरी पाठविले त्यास हजर करावे, असा हुकूम करणारा आणि तो हुकूम पाळावयास लावणारा कोणी वर नाही. म्हणून प्रत्येक देशाला स्वतःच फिर्यादी, स्वतःच न्यायाधीश आणि स्वतःच शिपाई व्हावे लागते. मोहाडीच्या त्या माउलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. माउली, तुझ्या मुलाचा दोष नाही. ज्या गावात पोलीस नाही, पंच नाही, त्या गावात शहाणा माणूसही उशाशी काठी घेऊन निजतो. काठी ठेवणे हा अधर्म नव्हे. गावाला पंच नसणे हा अधर्म आहे.

कोणी म्हणेल, पंच आहे की! संयुक्त राष्ट्रसंघ आहे. होय, आहे. २६ जून १९४५ रोजी सान फ्रान्सिस्को येथे त्याची सनद सह्यांसाठी ठेवली गेली, २४ ऑक्टोबरपासून ती अमलात आली. भारत तेव्हा स्वतंत्रही नव्हता, तरी संस्थापक सभासदांत त्याचे नाव आहे. आज १९३ देश त्यात बसतात. देवी, पोलिओ यांसारख्या रोगांशी लढणे, निर्वासितांना अन्न पोचविणे, अशी पुण्याची कामे या परिवारातील संस्थांनी केली आहेत, ती विसरू नयेत. पण त्याच्या घडणीत दोन मोठी व्यंगे राहिली, आणि ती समजण्यासाठी आपल्याला वारीकडे जावे लागेल.

आळंदीहून माउलींची पालखी निघते. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी त्या सोहळ्याला शिस्त लावली. संध्याकाळी तळावर समाज-आरती होते. दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, हजारो टाळ चालू असतात. चोपदार आपला दंड उंच करतो आणि हाळी देतो. त्यासरशी सगळे टाळ बंद. टाचणी पडली तर ऐकू यावी, अशी शांतता होते. मग हरवले-सापडले सांगतात, उद्याच्या निघण्याची वेळ सांगतात. परंतु एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर ती दिंडी आपले टाळ थांबवीत नाही. सगळा समाज गप्प, आणि तेवढेच टाळ वाजत राहतात. चोपदार तेथे जातो, त्यांचे म्हणणे ऐकतो, समाधान करतो, मग आरती. दिंडी मानाची असो की शेवटच्या क्रमांकाची, पाचशे माणसांची असो की पन्नासांची. तिच्या टाळाने अवघा सोहळा थांबतो.

आता राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीत पाहा. तेथे पंधरा सभासद बसतात. त्यांत पाच कायमचे: अमेरिका, रशिया, चीन, इंग्लंड आणि फ्रान्स. या पाचांपैकी एकाने 'नाही' म्हटले की, महत्त्वाचा ठराव बाकीच्या चौदांनी मान्य केला तरी पडतो. म्हणजे आपल्याकडे दुबळ्याचे टाळ सर्वांना ऐकावे लागतात. तेथे बलिष्ठाच्या एका शब्दाने सर्वांचे टाळ बंद पडतात. समाज-आरती उलटी केली तर जे होईल, ते हे आहे. पहिले व्यंग हे.

दुसरे व्यंग असे की, सनदेची सुरुवात जगातील लोकांच्या नावाने आहे, पण आत बसावयास जागा आहे ती सरकारांना. आमसभेत प्रत्येक देशाला एक मत. तुवालू नावाचा बेटांचा देश आहे, त्याची वस्ती दहा-बारा हजारांच्या घरात. आपला मोहाडी तालुका त्याच्या कितीतरी पट मोठा. त्यासही एक मत आणि एकशे चाळीस कोटींच्या वर असलेल्या भारतालाही एक मत. तुवालूला मत असू नये, असे आम्ही म्हणत नाही. समुद्र चढू लागला तर बुडणारे पहिले तेच आहेत. पण त्या सभेत मोहाडीच्या माउलीने निवडून दिलेला माणूस कोठे आहे? तुवालूच्या कोळ्याने निवडलेला कोठे आहे? राज्यकर्ते राज्यकर्त्यांशी बोलतात. माणसे माणसांशी बोलत नाहीत.

न्यायालयाचेही असेच. हेग नगरात जागतिक न्यायालय आहे. आपल्या महाराष्ट्रातले माजी नौदल अधिकारी कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये फाशी सांगितली. भारत हेगला गेला. १८ मे २०१७ रोजी त्या न्यायालयाने फाशीस मनाई केली आणि १७ जुलै २०१९ रोजी पंधरा विरुद्ध एक मतांनी सांगितले की, जाधवांना भारतीय वकिलातीची भेट नाकारून पाकिस्तानने करार मोडला, त्या शिक्षेचा फेरविचार झाला पाहिजे. एका मराठी घरातल्या मुलाच्या गळ्याचा फास युरोपातल्या एका न्यायपीठाने रोखला, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु तो खटला उभा राहिला तो दोन्ही देशांनी त्या विषयात न्यायालय आधीच मानले होते म्हणून. आणि निकाल पाळावयाचा कसा, हे ज्याच्याविरुद्ध निकाल, त्याच्याच हाती राहिले. बीज चांगले आहे. झाड अजून वाढायचे आहे.

आता कोणी देशाभिमानी शंका घेतील की, महाराज, हे परकीय खूळ आहे, यात स्वराज्य बुडेल. त्यांस आम्ही मुंबईच्या गवालिया टँकावर नेतो. ८ ऑगस्ट १९४२ रोजी तेथे काँग्रेस समितीने इंग्रजांस 'चालते व्हा' असे सांगणारा ठराव केला. पुढे चिमूर-आष्टीला ज्या ठरावापायी रक्त सांडले, तोच हा ठराव. त्याच ठरावात असेही आहे की, जगाची शांती आणि प्रगती यांसाठी स्वतंत्र राष्ट्रांचा जागतिक संघ झाला पाहिजे, देशोदेशींच्या फौजा मग लागणार नाहीत, आणि स्वतंत्र भारत अशा संघात आनंदाने जाईल. ज्यांनी स्वराज्यासाठी तुरुंग पाहिला, त्यांना स्वराज्य आणि विश्वराज्य यांत वैर दिसले नाही. पुढे आपल्या घटनेच्या कलम ५१ मध्ये आंतरराष्ट्रीय शांती, आंतरराष्ट्रीय कायद्याचा आदर आणि लवादाने तंटे मिटविणे, हे राज्याचे ध्येय म्हणून लिहिले गेले. पवनारच्या विनोबांनी भूदानाच्या पदयात्रेत 'जय जगत्'चा घोष दिला. खाली गाव आणि वर जग, ही त्यांची दृष्टी. आमच्या विदर्भाचे तुकडोजी महाराज १९५५ मध्ये जपानला विश्वशांतीच्या परिषदेस गेले, आणि त्याच महाराजांनी ग्रामगीता लिहिली. गावावर प्रेम करणारी माणसेच जगाला आपले म्हणू शकली; अधांतरी राहणाऱ्यांचे ते काम नव्हे.

आणि सीमा म्हणजे तरी काय? मोहाडी गाव जागचे हललेले नाही. पण १८५३ पर्यंत त्यावर नागपूरकर भोसल्यांचे राज्य होते, मग इंग्रजांचे. पुढे ते मध्यप्रांत-वऱ्हाडात होते, नंतर मध्यप्रदेशात, १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. १९५६ ला रेघ पडली आणि बालाघाट पलीकडे गेला. तरी मोहाडीची लेक बालाघाटला नांदावयास जाते, तिकडची इकडे येते. रोटीबेटी तुटली नाही, एस.टी.चे तिकीट पुरते. रेघ पुसावी लागली नाही. फक्त तिच्यावर शस्त्र ठेवणे थांबले. विश्वराज्य म्हणजे सीमा पुसणे नव्हे. सीमा निःशस्त्र करणे होय.

आता सर्वांत बळकट शंका. आज एका देशात जुलमी राजा झाला, तर गरीब बिचारा पळून दुसऱ्या देशात तरी जातो. साऱ्या पृथ्वीचा एकच राजा झाला आणि तोच फिरला, तर माणसाने जावे कोठे? ही शंका आम्ही हसण्यावारी नेत नाही. ती बरोबर आहे. आणि म्हणूनच आमच्या सिद्धान्तात दोन विशेषणे आहेत, ती कोणी काढून टाकू नयेत. ते राज्य लोकांचे असावे आणि ते मर्यादित असावे.

लोकांचे म्हणजे कसे, ते आमच्या भंडाऱ्यानेच पाहिले आहे. १९५४ मध्ये येथल्या लोकसभेच्या पोटनिवडणुकीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. ज्यांनी देशाच्या घटनेला आकार दिला, ते या मतदारसंघात पराभूत झाले. घटना ज्यांनी घडविली, त्यांच्याहीपेक्षा त्या घटनेने दिलेले शेतकऱ्याचे, विणकराचे मत वरचढ ठरले. निकाल योग्य की अयोग्य, हा वाद निराळा. पण सत्ता मतपेटीतून येते आणि मतपेटीतूनच जाते, हे तत्त्व जेथे रुजले, तेथे जुलमी राजाला फार दिवस बसता येत नाही. जे राज्य मताने हटविता येत नाही, ते विश्वराज्य असले तरी आम्हांस नको.

मर्यादित म्हणजे कसे? पुन्हा दिंडीकडे पाहा. प्रत्येक दिंडीचा वीणेकरी आपला, चाली आपल्या, स्वयंपाक आपला, मुक्कामाचा तंबू आपला. यात कोणी लुडबूड करीत नाही. पण वाट एक, क्रम एक, निघण्याची वेळ एक. एवढे सामाईक नसते तर लाखो माणसे पंढरीला पोचण्याऐवजी एकमेकांच्या पायांखाली आली असती. तसेच जगाच्या सभेकडे चारच कामे असावीत: युद्ध थांबविणे, सामाईक समुद्र व हवा राखणे, साथीचे रोग आवरणे आणि देशादेशांतले तंटे न्यायाने तोडणे. भाषा, धर्म, शाळा, शेती, गावची पंचायत, यांना तिने हात लावू नये. मोहाडी-आंधळगावच्या कोशाच्या मागावर ताणा ताठ असतो म्हणून बाणा हवा तशी नक्षी काढू शकतो. ताणा थोडा, नक्षी पुष्कळ.

हे घडणार कसे? एका दिवसात नव्हे. १८७० ते १९४५ या काळात फ्रान्स आणि जर्मनी तीनदा एकमेकांवर तुटून पडले. १९५१ मध्ये त्यांनी आणि आणखी चार देशांनी, ज्यापासून तोफा होतात तो कोळसा व पोलाद सामाईक देखरेखीखाली ठेवण्याचा करार केला. त्याची सभा पहिल्याने नेमलेल्या माणसांची होती. लोकांनी प्रत्यक्ष मते देऊन ती निवडली ती १९७९ मध्ये. आज त्या युरोपीय संघात २७ देश आहेत. त्यांची भांडणे पुष्कळ आहेत, पण त्यांच्यात आपसांत युद्ध नाही. तद्वत् राष्ट्रसंघाच्या आमसभेशेजारी लोकांनी निवडलेली एक सभा असावी. आरंभी तिला नुसता सल्ल्याचा अधिकार असला तरी चालेल. पाचांचा नकाराधिकार हळूहळू आकुंचित व्हावा. हेगचे न्यायालय सर्वांवर बंधनकारक व्हावे. चालणाऱ्याला वाट लांब वाटत नाही, हे वारकऱ्यास सांगावयास नको.

मोहाडीच्या शेतकऱ्याला याचे काय, असे कोणी म्हणू नये. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर चढाई केली आणि पोटॅशचे भाव आमच्या बांधीपर्यंत चढले. २० जुलै २०२३ ला आपल्या सरकारने साध्या पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, ती पुढच्या वर्षी उठली. मधल्या काळात आफ्रिकेतल्या गरिबाचे ताट महागले. २०२० च्या साथीने सप्ताह बंद पडले आणि आषाढीची पायी वारीही झाली नाही. आणि जवाहरनगरच्या शस्त्रनिर्माणीत २४ जानेवारी २०२५ ला स्फोट होऊन कामगार गेले. युद्ध नसतानाही युद्धाच्या तयारीने आमच्या जिल्ह्याची घरे उजाड केली. जग आपल्या दारात आलेलेच आहे. प्रश्न एवढाच, ते नियमाने येईल की धुमाकुळाने.

तेव्हा वाचकहो, करावे काय? ग्रामसभेला जाऊन बसा. जो आपल्या गावच्या सभेत गप्प बसतो, त्याला जगाच्या सभेत बोलता येणार नाही. गावात ज्याचे टाळ अजून वाजत आहेत, ज्याची तक्रार कोणी ऐकली नाही, त्याच्याकडे आधी जा. मते मागावयास येणाऱ्यास विचारा की, कलम ५१ साठी तू काय करणार? आणि कीर्तनकार बंधूंना आमची विनंती की, पसायदानाचा अर्थ सांगताना नुसता भाव सांगू नये, त्याची व्यवस्थाही सांगावी.

राहिला त्या माउलीच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. तिचा मुलगा सीमेवर उभा आहे तोवर त्याच्या धैर्याला आमचा नमस्कार आहे. पण त्याची सुट्टी मोठी व्हावी, पलीकडच्या मायचा मुलगाही घरी जेवावयास यावा, आणि दोघांची फिर्याद एका न्यायपीठापुढे उभी राहावी, एवढे मागणे त्या पसायदानात आहे असे आम्ही समजतो. मागितलेच आहे, तर आता बांधावयास लागू.

रामकृष्णहरि.